नळीतला गंज

धनकुंवरबाईंना राग येतच नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. धुळ्याच्या चौथ्या गल्लीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला त्यांचा दाखला दिला होता. "शेजारची बघ, सुनंदा. सासू दिवसभर टोचते, पण तोंडातून शब्द निघत नाही."

ती न बोलणारी बाई एकोणीसशे अडतीसच्या वैशाखात सोनगीरच्या रस्त्यावर संपली. तिथून जी घरी परत आली, तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

त्यांचे यजमान हस्तीमलशेठ कापसाचे व्यापारी. आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठजींचा जन्म धुळ्यातलाच. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाकडून त्यांनी अमेरिकन मोटार घेतली होती. काळी, चारी बाजूंनी बंद, मागच्या काचांना बायकांसाठी पडदे. घेतली तेव्हाच ती जुनी होती, पण गल्लीत तशी दुसरी नव्हती. रोज सकाळी ती धुऊनपुसून लख्ख व्हायची. आत काय आहे, ह्याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. आधीच्या ड्रायव्हरनं आतलं चांगलं सामान काढून विकलं असा शेठजींना संशय होता, म्हणून काही बिघडलं की बाजारातल्या निंबा मिस्त्रीलाच बोलावणं जायचं. नवा ड्रायव्हर जीवराम हा देवपुरातला, तिशीचा, कमी बोलणारा. त्यानं फक्त चालवायची.

पानबाई ही त्यांची एकुलती एक मुलगी. नरडाण्याच्या एका दुकानदाराच्या घरी दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण त्याच्या आधीच एका सकाळी माणूस निरोप घेऊन आला. पोरीच्या अंगावरून रक्त जातंय, लगेच या. शेठजी, धनकुंवरबाई आणि जीवराम मोटारीनं निघाले. नरडाण्याच्या वैद्यानं हात टेकले होते. पानबाईला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं आईच्या मांडीवर घेतलं, पडदे ओढले, शेठजी पुढं बसले आणि गाडी धुळ्याकडं वळली.

सोनगीर मागं पडलं आणि गाडी आचके द्यायला लागली. मग खोकल्यासारखा आवाज करून ती भर रस्त्यात थांबली.

पुढचं धनकुंवरबाईंनी मला कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी त्या एकाच ठिकाणी येऊन अडकत. गाडीच्या आत भट्टी झाली होती. पडद्याला फट करून त्यांनी बाहेर पाहिलं. जीवराम बॉनेट उघडून उभा होता, शेठजी त्याच्या शेजारी. सोनगीरहून भांडी घेऊन निघालेले दोन तांबट थांबले. एक म्हणाला, पाणी घाला. दुसरा म्हणाला, तापलीय, बसू द्या थोडी. मग सगळ्यांनी मिळून ढकलली. गाडी जरा पुढं गेली आणि थांबली. जीवराम परत बॉनेटपाशी गेला. शेठजी त्याला काहीतरी म्हणाले. पानबाईच्या कण्हण्यात ते ऐकू आलं नाही. पण जीवरामचे हात खाली आले आणि तो तसाच उभा राहिला, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"माझी पोर आत मरत होती, सुनंदाबाई, आणि तो हात सोडून उभा होता. झाडासारखा."

शेवटी जीवराम सोनगीरला पळत गेला आणि वना नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी घेऊन आला. वनानं गाडीत कडबा पसरला, त्यावर स्वतःचं घोंगडं घातलं.

"माय, घाबरू नको," तो म्हणाला. "मन्हा बैल चांगला शेतस. धुळं काय लांब शे?"

धुळं लांब होतं. देवपूर आलं, पांझरेचा पूल दिसायला लागला, आणि धनकुंवरबाईंना मांडीवरचं डोकं जड लागलं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. वना पुलावरून बैल पळवत होता, त्याला थांबवण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी एकदा पाहिलं आणि चादर वर ओढली. पोटातलं मूलही गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी निंबा मिस्त्री ती मोटार चालवत घेऊन आला. ओसरीवर सांत्वनाला आलेले लोक बसले होते, धनकुंवरबाई आतल्या खोलीत बायकांमध्ये.

"काय बिघडलं होतं रे?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही हो." निंबाला प्रत्येक गोष्ट हसून सांगायची सवय होती, तसाच तो हसला. "टाकीतला गंज नळीत अडकला होता. नळी सोडली, एक फुंकर मारली, झाली सुरू. मिनिटाचं काम."

मी त्या वेळी आतल्या खोलीत त्यांच्या शेजारी बसले होते. त्या उठल्या. डोक्यावरचा पदर मागं पडला तो त्यांनी सावरला नाही. त्या घरातली सून परक्या पुरुषांपुढं तशी कधी गेली नव्हती. त्या सरळ ओसरीवर जाऊन निंबासमोर उभ्या राहिल्या.

"काय म्हणालास? परत सांग."

निंबाचं हसू गेलं. "बाई, मी आपलं..."

"किती वेळाचं काम म्हणालास?"

तो एक पाऊल मागं सरकला.

"आत जा," शेठजी हळू आवाजात म्हणाले. "लोक बसलेत."

"बसू द्या! तिथं उभे होते, इथं बसलेत. तेवढंच येतं सगळ्यांना." मग निंबाकडं वळून, "कुठली नळी? दाखव मला. आत्ता दाखव."

निंबानं बॉनेट उघडलं. नळी करंगळीपेक्षा बारीक होती. धनकुंवरबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग बॉनेट इतक्या जोरात आपटलं की ओसरीवरचे लोक दचकले.

नातेवाइकांनी सल्ला दिला की गाडी अपशकुनी आहे, विकून टाका, आणि त्या ड्रायव्हरला आजच्या आज हाकला. शेठजी दोन्हींवर काही बोलले नाहीत. बोलल्या त्या धनकुंवरबाई.

"गाडीनं काय केलंय? अडाणी आपण. इतकी वर्षं पडदा लावून तिच्यात बसत होतो आणि पेट्रोल कुठून कुठं जातं हे एकालाही ठाऊक नव्हतं. गाडी राहील. आणि जीवरामही राहील. हाकलला तर दुसऱ्याच्या घरी जाऊन असाच हात सोडून उभा राहील. इथंच राहू दे त्याला. माझ्यासमोर शिकेल तो."

निंबा शिकवायला तयार नव्हता. हे बायकांचं काम नाही, म्हणाला. त्यावर त्यांनी निरोप पाठवला, "तू येत नसशील तर मी तुझ्या दुकानात येऊन बसते." शेठ हस्तीमलांची बायको भर बाजारात आपल्या दुकानी येऊन बसली तर काय होईल, ह्या धास्तीनं निंबा दुसऱ्याच दिवशी अंगणात हजर झाला.

शिकवायला लागल्यावर मात्र त्यानं हातचं राखलं नाही. गाडी बंद पडली की दोन गोष्टी बघायच्या, तो सांगायचा. पेट्रोल येतंय का, आणि ठिणगी पडतेय का. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडायची, कुणाला तरी हँडल मारायला लावायचं, पेट्रोलची चिळकांडी उडाली तर तिकडचं ठीक. प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायची, निळी ठिणगी उडाली तर तेही ठीक. मग बाकीचं. पेट्रोलच्या पंपाखालची काचेची वाटी सोडून तळाशी बसलेला गाळ कसा काढायचा, आतली जाळी कशी धुवायची, ठिणगी पाडणारे पॉइंट घासपट्टीनं कसे साफ करायचे, सगळं त्यांनी करून पाहिलं. एकदा जमलं नाही तर दहादा. पाना निसटून बोटं सोलली की शिव्या घालायच्या, आणि तसल्या शिव्या मारवाडीत असतील असं मला तोवर वाटलंही नव्हतं.

ह्या गाडीची बॅटरी पुढच्या सीटपाशी, पाय ठेवायच्या फळीखाली असायची. एका दुपारी ती फळी उचलून धनकुंवरबाई तार घट्ट करत होत्या. मनगटातली सोन्याची बांगडी बॅटरीच्या टोकाला आणि लोखंडाला एकदम टेकली. भडका उडाल्यासारखी ठिणगी पडली आणि बांगडी तापून लाल झाली. त्यांची किंकाळी ऐकून मी भिंतीवरून डोकावले. त्यांनी हात पाण्याच्या हौदात घातला होता. मनगटाभोवती कातडीवर गोल डाग उठला होता.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही हातांतल्या सगळ्या बांगड्या काढल्या, फडक्यात बांधल्या आणि कपाटात ठेवून दिल्या.

त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी ते रिकामे हात पाहिले आणि घर डोक्यावर घेतलं. "माझा मुलगा जिवंत आहे अजून! तो मेला का, हात मोकळे करून हिंडायला?"

"गाडीचं काम झालं की घालीन."

"कसलं काम? तुझं काम काय? चूल तुझं काम!"

"चूल करतच होते मी, सासूबाई. वीस वर्षं गप्प बसून करत होते." धनकुंवरबाई त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "बांगड्या भरलेले हात होते माझे त्या दिवशी. मनगटापासून कोपरापर्यंत. काय करता आलं त्या हातांना? पोरीचं डोकं धरून बसता आलं. तेवढंच."

म्हातारी रडायला लागली. शेठजी ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी आईची बाजू घेतली नाही, बायकोचीही नाही. अडकित्त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

आणि जीवराम. दर सोमवारी सकाळी त्याची परीक्षा असायची. त्यानं अंगणात गाडी उभी करायची, पंपाजवळची नळी सोडायची, फुंकायची, वाटी धुवायची, सगळं परत जोडायचं. धनकुंवरबाई पायरीवर उभ्या राहून बघत.

"काय बघतोस माझ्याकडं? नळीकडं बघ. त्या दिवशी बघितली असतीस तर?"

"होय बाई."

"होय बाई, होय बाई! तोंडात दुसरा शब्द नाही. त्या दिवशीही असाच उभा होतास."

हे मी दर सोमवारी भिंतीपलीकडून ऐकत असे. सुरुवातीला मला वाटायचं, आईचं काळीज आहे, निघू दे राग. मग महिने गेले, वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि सोमवार उजाडला की मी त्या बाजूची खिडकी लावून घ्यायला लागले. जीवराम कामात तरबेज झाला होता. डोळे मिटून नळी जोडली असती त्यानं. पण बाईंचं बोलणं एका शब्दानं कमी झालं नाही.

मग लढाई सुरू झाली. पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं, तेही रॉकेल मिसळलेलं. गाडीचं सामान बाजारातून नाहीसं झालं. किती मोटारी विटांवर चढवून ठेवल्या गेल्या. धनकुंवरबाईंची चालू होती. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा त्यांनी कापूस पिंजायच्या जिनातल्या यंत्राच्या जुन्या कातडी पट्ट्यातून अरुंद पट्टी कापली आणि टोकं चामड्याच्या वादीनं शिवली. टाकीच्या सांध्यातून पेट्रोल झिरपायला लागलं तर अंग धुवायचा साबण त्यावर घासून बसवला. रेडिएटर गळायला लागला तेव्हा निंबाच्या सांगण्यावरून हळद आत टाकली आणि गळती खरंच थांबली. ती हळद ओवाळण्याच्या ताटातली होती म्हणून त्यांच्या सासूबाईंनी त्या दिवशी जेवण टाकलं होतं. टायरला भोक पडलं की आत दुसऱ्या टायरचा तुकडा. मोटार आता लख्ख दिसत नसे. बाहेरून तिला कुणी पुसतच नव्हतं.

लोक त्यांना टाळायला लागले. घरी कुणी मोटारवाला पाहुणा आला की त्या चहाच्या आधी विचारायच्या, "तुमची गाडी रस्त्यात बंद पडली तर तुम्ही काय कराल?" एक वकील हसून म्हणाले, "ड्रायव्हर बघेल." त्यांना चहा मिळाला नाही.

त्रेचाळीसच्या थंडीतला एक सोमवार. मी गच्चीवर गहू वाळवत होते, खालचं अंगण पुरतं दिसत होतं. जीवरामनं नळी सोडली, फुंकली, जोडली. काही चुकलं नव्हतं. पण आदल्या दिवशी पानबाईचा वाढदिवस होता, हे मला मागून कळलं. धनकुंवरबाई पायरी उतरून त्याच्या अगदी जवळ गेल्या.

"तुला मुलगी आहे ना रे? आठ-नऊ वर्षांची?"

"होय बाई."

"ती त्या गाडीत असती तर? तरी असाच उभा राहिला असतास का, दगडासारखा?"

जीवरामनं हातातला पाना जमिनीवर फेकला. फरशीवर तो खणकन वाजला. पाच वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, आणि चढला तो त्याच्या घरच्या बोलीत.

"पाना मन्हा हातमां व्हता, बाई! हातमां व्हता!" तो ओरडला. "मी नळीले पाना लावा व्हता. माले समजनं व्हतं, पेट्रोल ई नही ऱ्हायनं. शेठनी सांगं, हात लावू नको. खोलशी आणि जोडता येवाव नही. दोन डाव सांगं. जा, बैलगाडी लई ये. मी काय करू? पाच वरीस जयात, ऐकी ऱ्हायनू मी. बठ्ठं ऐकं. आते मन्ही आंडेरले, मन्ही पोरले, कसाले मधमां आणतस?"

धनकुंवरबाईंच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला.

"आधी का नाही बोललास?"

जीवराम आता धुळ्याच्या मराठीत बोलला, दमल्यासारखा. "शेठजी म्हणाले, घरात बोलू नकोस. मीठ खातो मी ह्या घरचं. आणि वाटायचं, आईच आहे, बोलेल थोडे दिवस."

त्यांनी ओसरीकडं पाहिलं. हस्तीमलशेठ दारात येऊन उभे होते.

"खरंय?"

शेठजींनी मान हलवली. "मला वाटलं, खोलून ठेवेल आणि आहे तेही जाईल. निदान बैलगाडी तरी हाताशी आहे."

"आणि नंतर? निंबा म्हणाला मिनिटाचं काम, तेव्हा?"

"नंतर काय सांगायचं होतं? पोरगी गेली होती."

"दर सोमवारी मी ह्याला फाडून खात होते. तुम्ही तिथं बसून सुपारी कातरत होतात."

"तुझा राग निघत होता." शेठजींचा आवाज अगदी बारीक झाला. "कुठंतरी निघायलाच हवा होता."

"दुसऱ्याच्या अंगावर? आणि तुम्ही बसून ऐकायचं?" त्या इतक्या जोरात ओरडल्या की गल्लीतल्या बायका दारात आल्या. "पाच वर्षं! एकदाही नाही वाटलं की म्हणावं, त्याला सोड, मी होतो? एकदाही?"

त्यांनी खाली वाकून पाना उचलला आणि शेठजींच्या हातात कोंबला.

"खोला."

"मला येत नाही."

"त्याला येत होतं. तुम्ही करू दिलं नाही. आता तुम्ही खोला."

शेठजी तेव्हा पन्नाशी उलटलेले, पांढरंशुभ्र धोतर नेसलेले. ते मोटारीवर वाकले. पाना नटावर बसेना, बसला तर उलटा फिरे. बोटाचं साल निघालं. शेवटी नळी सुटली आणि पेट्रोल धोतरावर सांडलं. त्यांनी ती तोंडाला लावली, फुंकली, आणि पेट्रोलची चव घशात गेल्यावर ओकारी येऊन बाजूला बसले. नळीतून काही निघालं नाही. थोड्या वेळापूर्वीच तर जीवरामनं ती साफ केली होती.

"झालं," धनकुंवरबाई म्हणाल्या. "एवढंच होतं."

आणि त्या आत गेल्या. शेठजी मोटारीच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी गच्चीवरून खाली उतरले, मला ते बघवेना.

त्या दिवसानंतर हस्तीमलशेठ मोटारीत बसले नाहीत. कुणी मनाई केली नव्हती. टांग्यानं जायचे. नवराबायको एका घरात राहत होती, जेवायला वाढलं जायचं, दुखलंखुपलं बघितलं जायचं. पण मी त्या दोघांना एकमेकांशी सहज बोलताना पुन्हा ऐकलं नाही.

जीवरामनं त्याच दुपारी नोकरी सोडली आणि साक्रीच्या रस्त्यावर उतारू घेऊन धावणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर लागला. आठवडाभर धनकुंवरबाई घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. मग एका सकाळी मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर देवपुरात चला." आम्ही पूल ओलांडून चालत गेलो. मोटारीनं जायला त्यांना लाज वाटत होती, असं मला वाटतं.

जीवरामची बायको भागाबाई दारात दाणे पाखडत होती. तिनं वर पाहिलं, सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"मन्हा नवरा पाच वरीस सोमवारना दिन घर ईसन जेवे नही," ती म्हणाली. "आते काय देवाले ऊनात?"

"द्यायला काही आणलं नाही," धनकुंवरबाई म्हणाल्या. "ऐकायला आलेय. बोल."

भागाबाई बोलली. शेजारपाजारच्या बायका गोळा होईपर्यंत बोलली. धनकुंवरबाई उन्हात उभ्या राहून तिच्या तोंडाकडं बघत होत्या, मान खाली न घालता. शेवटी आतून जीवराम आला.

"पुरे आता," तो बायकोला म्हणाला.

"जीवराम, माझं चुकलं," धनकुंवरबाई म्हणाल्या. हे शब्द त्यांना नीट म्हणता आले नाहीत. रागावल्यासारखेच बाहेर आले.

"हा," जीवराम म्हणाला.

"परत येशील?"

"नही." तो म्हणाला, "मोटर हाकाले शिका ना तुम्हीच. बठ्ठं ते येस तुमले."

त्याच्या तोंडावर हसू होतं की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भागाबाईनं आम्हाला पाणी विचारलं नाही, आणि परतीच्या वाटेवर धनकुंवरबाई म्हणाल्या, "तिनं बरोबर केलं."

त्या चालवायला शिकल्या. निंबानंच शिकवलं, देवपुराच्या बाहेर मोकळ्या माळावर. गल्लीत गवगवा झाला, समाजातले चार लोक शेठजींना समजवायला आले. शेठजी म्हणाले, "तिला सांगा." त्यांच्यापैकी कुणी तिला सांगायला गेलं नाही.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी जळगावला एका लग्नाला निघालो होतो. पारोळं मागं टाकल्यावर रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी दिसली. धनकुंवरबाईंच्या मोटारीपेक्षा पुष्कळ नवी. बाहेर एक तरुण रुमालानं घाम पुसत होता. दलिचंद नाव, अमळनेरच्या व्यापाऱ्याचा मुलगा. मागं पडद्याआड त्याची बायको.

"मिस्त्रीला माणूस पाठवलाय," तो म्हणाला. "येईलच इतक्यात."

धनकुंवरबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. मागचं दार उघडलं. आत एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी लग्नाच्या साडीत घामानं निथळत बसली होती.

"उतर खाली."

मुलीनं नवऱ्याकडं पाहिलं.

"त्याच्याकडं काय बघतेस? त्याला येत असतं तर तू इथं उकडत बसली असतीस का? उतर!"

ती उतरली. धनकुंवरबाईंनी तिला पुढं नेलं, बॉनेट उघडायला लावलं आणि प्रत्येक तार तिच्याच हातानं हलवून बघायला लावली. दलिचंद मधे मधे म्हणत होता, "अहो, तिला नका हात लावायला सांगू, शॉक बसेल." एकदा त्याला उत्तर मिळालं, "तू गप्प बस, पाणी पी." ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवरची एक वायर ढिली होऊन सुटली होती. मुलीनं ती बोटांनी बसवली, पान्यानं आवळली. गाडी लगेच सुरू झाली. त्या मुलीला असं हसू फुटलं की ग्रीसनं काळे झालेले दोन्ही हात तिनं तोंडावर घेतले आणि गालही काळे करून घेतले.

ती परत मागच्या दाराकडं निघाली होती. मग थांबली, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, लोक काय म्हणतील?" दलिचंद म्हणाला.

"मागं फार गरम होतं," ती म्हणाली.

धनकुंवरबाई हसल्या नाहीत. आमच्या गाडीत येऊन बसल्या, गिअर खटकन टाकला आणि बोलायला लागल्या ते एरंडोल येईपर्यंत थांबल्या नाहीत. नवी गाडी घेतात, धुतात, पुसतात, हार घालतात, आणि एक वायर ढिली झाली की रुमालानं कपाळ पुसत उभे राहतात, बेअक्कल, मेले, बापाच्या पैशावर. एरंडोलच्या आधी एक बैलगाडीवाला रस्त्याच्या मधोमध झोपून चालला होता. त्यांनी भोंगा दाबला तो दाबूनच धरला, आणि तो जागा होऊन बाजूला सरकल्यावर खिडकीतून डोकं काढून त्यालाही सुनावलं.